शेजारच्या हद्दीत पैसे खर्च करणारं सरकार: आयर्लंडचा 'सलोखा निधी' काय आहे आणि त्यात मालवणच्या वराडचं नाव कसं आलं?

हेदवीचा दशभुज गणेश पाहिला, बामणघळीत उसळणाऱ्या पाण्याचा व्हीडिओ काढला आणि आता रत्नागिरीकडे निघायचं आहे. गुगल मॅप काहीही म्हणो, गावातला माणूस सांगेल की नरवणवरून तवसाळला जा आणि जंगलजेटीत गाडी घाला. फेरीबोट खाडी ओलांडून समोर जयगडला सोडते. बोट चुकली किंवा बंद असली तर आत शिरून भातगावच्या पुलाचा वळसा घ्यावा लागतो. समोरचा किनारा डोळ्यांना दिसत असतो, पण गाडीने तिथे पोहोचायला बराच वेळ जातो.

आता कल्पना करा की तवसाळ एका देशात आहे आणि जयगड दुसऱ्या देशात. दोन्हीकडची माणसं एकच भाषा बोलतात, एकमेकांचे नातेवाईक आहेत, पण मधल्या काळात साडेतीन हजारांवर माणसं मारली गेली आहेत. आणि एके दिवशी तवसाळच्या बाजूचं सरकार म्हणतं, खाडीवर पूल बांधू, पैसे आम्ही देतो.

आयर्लंडमध्ये हे खरोखर घडलं आहे. तिथल्या खाडीचं नाव कार्लिंगफर्ड लॉक. योगायोग असा की तिच्या तोंडाशी 2017 पासून गाड्या नेणारी फेरीबोटही चालते, आपल्या तवसाळ-जयगडसारखीच. एका काठावर आयर्लंड हा स्वतंत्र देश, दुसऱ्या काठावर उत्तर आयर्लंड, म्हणजे ब्रिटन. खाडी जिथे अरुंद होते तिथे पूल उभारण्यासाठी 100 दशलक्ष युरोंहून जास्त रक्कम आयर्लंडच्या सरकारने दिली. एक युरो म्हणजे ढोबळमानाने 100 रुपये धरले, तर ही रक्कम हजार कोटी रुपयांच्या पुढे जाते.

हा पैसा ज्या निधीतून आला, त्या निधीची आणि त्याच्या मागे गेली चाळीसेक वर्षं चालू असलेल्या एका वेगळ्याच सरकारी प्रयोगाची ही माहिती.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय कळणार नाही

1921 मध्ये आयर्लंड बेटाची फाळणी झाली. दक्षिणेकडचा मोठा भाग पुढे स्वतंत्र देश झाला, ईशान्येकडचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. सीमा सुमारे 500 किलोमीटरची. ती शेतांमधून, रस्त्यांमधून, काही ठिकाणी तर घरांच्या परसातून जाते.

उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा बहुसंख्य प्रोटेस्टंट होते आणि त्यातल्या बहुतेकांना ब्रिटनमध्येच राहायचं होतं. त्यांना 'युनियनिस्ट' म्हणतात. कॅथलिकांपैकी बहुतेकांना आयर्लंड एक व्हावं असं वाटायचं. ते 'नॅशनलिस्ट'. वरवर धर्माचं भांडण वाटलं तरी मुळात भांडण आपण कोणत्या देशाचे यावर आहे. नोकऱ्या, घरं, मतदान यांत कॅथलिकांशी भेदभाव होतो, या तक्रारीवरून 1960 च्या दशकाच्या शेवटी आंदोलनं सुरू झाली आणि त्यातून पुढची तीस वर्षं बॉम्ब, गोळीबार, लष्कर आणि सशस्त्र संघटना यांचा काळ आला. तिथे या काळाला 'द ट्रबल्स' म्हणतात. इतक्या भीषण काळाला इतका साधा शब्द.

10 एप्रिल 1998 ला 'गुड फ्रायडे करार' झाला. उत्तर आयर्लंडमध्ये दोन्ही समाजांनी मिळून सरकार चालवायचं, उत्तर आणि दक्षिण यांच्यात सहकार्याच्या कायमस्वरूपी संस्था उभारायच्या, आणि उत्तरेतल्या लोकांच्या बहुमताशिवाय तिचा दर्जा बदलायचा नाही, असं ठरलं. मे महिन्यात दोन्हीकडे सार्वमत झालं. उत्तरेत 71 टक्के आणि दक्षिणेत 94 टक्के लोकांनी कराराच्या बाजूने मत दिलं.

या सार्वमताचा एक भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. तोवर आयर्लंडच्या राज्यघटनेतली कलमं 2 आणि 3 असं सांगत होती की संपूर्ण बेट हाच आमचा देश. दक्षिणेच्या मतदारांनी हा दावा सोडायला होकार दिला आणि 1999 मध्ये ती कलमं बदलली. एकीकरणाची इच्छा ठेवली, हक्क सांगणं सोडलं. पुढे जे पैसे सीमेपलीकडे वाहिले ते समजून घ्यायला ही गोष्ट लक्षात ठेवा.

सलोख्यासाठी सरकार पैसे देतं म्हणजे नेमकं कशासाठी?

सगळ्यात जुना आहे आयर्लंडच्या परराष्ट्र खात्याचा 'रिकन्सिलिएशन फंड', आपण त्याला सलोखा निधी म्हणू. तो 1982 पासून आहे. म्हणजे करार व्हायच्या सोळा वर्षं आधी, रोज बातम्यांत मृतांचे आकडे येत होते तेव्हापासून.

हा निधी मोठा नाही. वर्षाला काही दशलक्ष युरो, म्हणजे फार तर काही दहा कोटी रुपये, आणि तेही अनेक छोट्या संस्थांमध्ये वाटले जातात. संस्था अर्ज करतात. अर्ज करणारी संस्था सीमेच्या अलीकडची असू शकते किंवा पलीकडची. एका देशाचं परराष्ट्र खातं दुसऱ्या देशाच्या हद्दीतल्या महिला मंडळाला, युवक गटाला, स्थानिक इतिहास अभ्यासकांना थेट अनुदान देतं आणि त्या दुसऱ्या देशाच्या सरकारला ते माहीत असतं. आपल्याकडच्या चष्म्यातून पाहिलं तर हे वाचून दचकायला होतं.

काम कसलं? समजा, डेरी शहरातल्या प्रोटेस्टंट वस्तीतली मुलं आणि सीमेपलीकडे डॉनिगॉलमधली कॅथलिक मुलं यांचं एकत्र शिबिर. किंवा ज्यांचे नातेवाईक दोन विरुद्ध बाजूंनी मारले गेले अशा लोकांच्या बंद दाराआडच्या भेटी. किंवा माजी सशस्त्र कार्यकर्ते आणि माजी सैनिक यांना एका खोलीत बसवणं. अशा कामांना नफा नसतो, देणगीदारही सहज मिळत नाहीत, कारण ज्या खोलीत 'शत्रू' बसतो त्या खोलीसाठी कोण वर्गणी देणार?

अशा संस्था तिथे बऱ्याच आहेत. उत्तरेकडच्या समुद्रकिनाऱ्यावरचं 'कॉरिमीला' 1965 मध्ये सुरू झालं, हिंसाचार पेटायच्याही आधी. डब्लिनजवळच्या डोंगरात 'ग्लेनक्री' हे केंद्र 1974 पासून आहे. 1979 मध्ये सुरू झालेली 'कोऑपरेशन आयर्लंड' दोन्ही बाजूंच्या शाळा-महाविद्यालयांना जोडण्याचं काम करते.

सलोखा निधीच्या वर आणखी थर आहेत. 1985 मध्ये ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात करार झाल्यावर 1986 मध्ये दोघांनी मिळून 'इंटरनॅशनल फंड फॉर आयर्लंड' स्थापन केला. त्यात अमेरिका, युरोपीय संघ, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी पैसे घातले. 1995 पासून युरोपीय संघाचा 'पीस' कार्यक्रम सुरू झाला. त्याचा सध्याचा टप्पा, 'पीस प्लस', 2021 ते 2027 या काळासाठी सुमारे 1.1 अब्ज युरोंचा आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं तरी या एका कार्यक्रमात तो पैसे घालतो. ब्रेक्झिटच्या सगळ्या कडवटपणात शाबूत राहिलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

हे पैसे वाटणारी संस्थाही पाहण्यासारखी आहे. ती डब्लिनची नाही, लंडनची नाही आणि ब्रसेल्सचीही नाही. गुड फ्रायडे कराराने ज्या सहा उत्तर-दक्षिण संस्था जन्माला घातल्या, त्यातली ती एक आहे आणि ती दोन्हीकडच्या सरकारांना उत्तरदायी आहे. त्यामुळे 'त्यांनी आमच्या भागात पैसे पेरले' अशी ओरड करायला जागा कमी राहते.

एका पुलाची गोष्ट

आता पुन्हा खाडीकडे. ज्या ठिकाणी पूल होतो आहे त्याचं नाव नॅरो वॉटर, शब्दशः 'अरुंद पाणी'. दक्षिण काठावर ओमीथ हे गाव, उत्तर काठावर वॉरनपॉइंट. मधे पाण्याचा छोटा पट्टा. गाडीने जायचं तर वर न्यूरी शहरापर्यंत जाऊन खाली यायचं.

27 ऑगस्ट 1979 ला याच ठिकाणी आयआरए या सशस्त्र संघटनेने एकामागोमाग दोन बॉम्ब फोडले आणि ब्रिटिश लष्कराचे 18 सैनिक मारले गेले. त्या तीस वर्षांत ब्रिटिश लष्कराची एका हल्ल्यात झालेली ही सर्वांत मोठी हानी. त्याच दिवशी सकाळी बेटाच्या दुसऱ्या टोकाला, आयर्लंडच्या किनाऱ्यावर, बोटीत बॉम्ब ठेवून लॉर्ड माउंटबॅटन यांची हत्या झाली होती. हो, तेच माउंटबॅटन, भारताचे शेवटचे व्हाइसरॉय.

ज्या जागेचं नाव घेतलं की लोकांना मृतदेह आठवतात, तिथे पूल बांधण्याची कल्पना अनेक दशकं बोलली जात होती. 2013 मध्ये तर ती जवळजवळ प्रत्यक्षात आली. युरोपीय निधी मंजूर होता. पण निविदा उघडल्या तेव्हा खर्च अंदाजाच्या कितीतरी वर गेला, वरचे पैसे कोण देणार हे ठरेना आणि युरोपीय निधी परत गेला. स्थानिक लोकांनी पुलाची आशा सोडून दिली तर त्यांना दोष देता येणार नाही. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी.

2020 मध्ये चित्र बदललं. आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान मीहॉल मार्टिन (तिथे पंतप्रधानाला 'टीशॉक' म्हणतात) यांनी 'शेअर्ड आयलंड' नावाचा उपक्रम जाहीर केला आणि त्यासाठी 2025 पर्यंत 500 दशलक्ष युरोंचा निधी ठेवला. ढोबळमानाने 5,000 कोटी रुपये. पुढे तो वाढवून 2030 पर्यंत किमान 1 अब्ज युरो करण्यात आला. जुना सलोखा निधी माणसांच्या भेटीगाठींना पैसे देत होता. या निधीने त्याच्या जोडीला पूल, रेल्वे, महाविद्यालयं, संशोधन अशी मोठी कामंही घेतली. छोट्या नागरी गटांसाठीही त्यातून एक वेगळी योजना आहे.

नॅरो वॉटरच्या पुलाचा आराखडा याच निधीतून झाला आणि बांधकामाचे पैसेही त्यातूनच मिळाले. जून 2024 मध्ये काम सुरू झालं. उंच शिडाची जहाजं न्यूरीकडे जाऊ शकावीत म्हणून पुलाचा एक भाग उघडता येईल अशी रचना आहे.

मग वराडकरांचा संबंध काय?

लिओ वराडकर हे नाव मराठी सोशल मीडियाला नवं नाही. त्यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. वडील डॉक्टर, नोकरीसाठी ब्रिटनला गेले. आई आयरिश, परिचारिका. दोघांची भेट इंग्लंडमध्ये झाली. लिओ यांचा जन्म डब्लिनचा, 1979 चा. जून 2017 मध्ये 38 व्या वर्षी ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा वराडमध्ये आनंद साजरा झाला. 2019 च्या डिसेंबर अखेरीस ते कुटुंबासह गावी आले, तेव्हाचे फोटो आजही अधूनमधून फिरतात.

अभिमान ठीक आहे, पण श्रेय ज्याचं त्याला द्यायला हवं. शेअर्ड आयलंड निधी वराडकरांनी सुरू केलेला नाही. तो मार्टिन यांचा उपक्रम. तेव्हा वराडकर युती सरकारात उपपंतप्रधान होते. सलोखा निधी तर त्यांच्या लहानपणापासूनचा.

त्यांचा वाटा दोन ठिकाणी दिसतो.

पहिला ब्रेक्झिटच्या वाटाघाटीत. ब्रिटन बाहेर पडल्यावर युरोपीय संघाची सीमा बरोबर या 500 किलोमीटरवर येणार होती, म्हणजे जकात नाकी परत येण्याची भीती. ऑक्टोबर 2018 मध्ये युरोपीय नेत्यांच्या बैठकीला जाताना वराडकरांनी 'आयरिश टाइम्स'चा अंक सोबत नेला. त्यात 1972 मध्ये न्यूरीच्या जकात नाक्यावर झालेल्या स्फोटाची आठवण होती. त्या स्फोटात नऊजण मारले गेले होते. नाकं परत आली तर काय परत येऊ शकतं, हे त्यांना दाखवायचं होतं. वर्षभराने, ऑक्टोबर 2019 मध्ये, बोरिस जॉन्सन यांच्याशी त्यांची भेट झाली आणि तिथून सीमा खुली ठेवणाऱ्या तडजोडीचा रस्ता निघाला.

दुसरा वाटा थेट पैशांचा. उत्तर आयर्लंडचं सरकार दोन वर्षं बंद होतं, कारण मोठा युनियनिस्ट पक्ष सरकारात बसायला तयार नव्हता. 3 फेब्रुवारी 2024 ला ते पुन्हा सुरू झालं. 20 फेब्रुवारीला वराडकरांच्या मंत्रिमंडळाने 800 दशलक्ष युरोंहून अधिक रकमेची घोषणा केली. त्यात उत्तरेतल्या 'ए-5' या महामार्गासाठी 600 दशलक्ष, बेलफास्टमधल्या केसमेंट पार्क या स्टेडियमसाठी 50 दशलक्ष, नॅरो वॉटरच्या पुलाचं बांधकाम आणि डब्लिन-बेलफास्ट रेल्वे दर तासाला सोडण्यासाठीचा खर्च होता. महिनाभराने वराडकरांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि एप्रिलमध्ये सायमन हॅरिस आले. निधी चालू राहिला.

पैसे दिले म्हणजे काम झालं का?

नाही. ए-5 रस्त्याचंच उदाहरण घ्या. हा रस्ता डेरीकडून दक्षिणेला सीमेपर्यंत येतो आणि अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. 600 दशलक्ष युरो तयार असताना जून 2025 मध्ये बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने प्रकल्पाची मंजुरी रद्द केली, कारण उत्तर आयर्लंडच्या हवामान कायद्यातल्या उद्दिष्टांशी तो कसा जुळतो हे सरकारला दाखवता आलं नव्हतं. केसमेंट पार्कचं तर त्याआधीच, 2024 च्या सप्टेंबरमध्ये अडलं होतं. 2028 च्या युरो फुटबॉल स्पर्धेसाठी ते वेळेत बांधायला पैसे देणार नाही, असं ब्रिटिश सरकारने सांगितलं.

मोठ्या प्रकल्पांना निदान कोर्टात जाता येतं. छोट्या गटांची अडचण वेगळी आहे. अनुदानं थोड्या काळासाठी मिळतात, विश्वास मात्र वर्षानुवर्षांनी तयार होतो. दोन वस्त्यांतली माणसं एकमेकांशी बोलायला लागतात तोवर अनुदानाची मुदत संपते, समन्वयकाचा पगार थांबतो आणि पुन्हा नवा अर्ज भरावा लागतो. अर्जात 'परिणाम' आकड्यांत लिहायचा असतो. किती बैठका, किती लोक, किती टक्के कॅथलिक, किती टक्के प्रोटेस्टंट. ज्याच्या भावाला मारलं त्या बाईने मारणाऱ्या गटातल्या माणसाच्या हातचा चहा घेतला, हे कोणत्या रकान्यात लिहायचं? आपल्याकडे बचतगट किंवा शाळेच्या कामासाठी सरकारी अनुदानाच्या मागे फिरलेल्या कुणालाही हे दुखणं ओळखीचं वाटेल.

आणि परिणाम? हिंसाचार थांबला, ही फार मोठी गोष्ट आहे, पण ती कराराची कमाई आहे. निधीचा त्यात नेमका किती हिस्सा, हे वेगळं काढता येत नाही. बेलफास्टमध्ये दोन वस्त्यांमधल्या 'शांतता भिंती' अजून उभ्या आहेत. 2023 पर्यंत सगळ्या काढू, असं उत्तरेच्या सरकारने 2013 मध्ये जाहीर केलं होतं. तसं झालं नाही, कारण भिंतीलगत राहणाऱ्यांची संमती घ्यायची होती आणि अनेकांना भिंतीशिवाय रात्री झोप लागणार नव्हती. दोन्ही समाजांची मुलं ठरवून एकत्र शिकवणाऱ्या शाळांची सुरुवात 1981 मध्ये झाली. आजही तिथल्या दहा टक्क्यांहून कमी मुलं अशा शाळांत जातात.

सगळ्यात अवघड आक्षेप युनियनिस्टांचा आहे. डब्लिनचा पैसा आज पुलाला, उद्या रेल्वेला, परवा रुग्णालयाला येणार आणि हळूहळू आम्हाला दक्षिणेत ओढून नेणार, असं त्यांच्यातल्या अनेकांना वाटतं. हा संशय निव्वळ वेडगळ म्हणून उडवून लावता येत नाही. दक्षिणेतल्या जवळपास सगळ्या मोठ्या पक्षांना एकीकरण हवंच आहे आणि खुद्द वराडकर पद सोडल्यानंतर त्याविषयी जास्त उघडपणे बोलू लागले. मार्टिन यांनी मात्र सुरुवातीपासून सांभाळून शब्द वापरले: पुढे काय व्हायचं ते लोक ठरवतील, तोवर एकाच बेटावर नीट राहू. अनेक युनियनिस्ट नेत्यांनी या उपक्रमाच्या चर्चांपासून अंतर राखलं, पण त्याच निधीतून येणाऱ्या रेल्वेत युनियनिस्ट मतदारही बसतोच.

आपल्याकडे असं काही आहे का?

सीमेपलीकडे पैसे खर्च करण्याचं सगळ्यात जवळचं उदाहरण महाराष्ट्राचंच आहे, आणि ते बरोबर उलट्या दिशेने गेलं.

1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार या भागांचा वाद चालू आहे. महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला, 2004 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर 2022 मध्ये वातावरण तापलं, गाड्यांवर दगड पडले. केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवून दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती ठरवली. पण त्याच महिन्यात दोन्ही विधिमंडळांनी आपापले ठराव केले. महाराष्ट्राच्या ठरावात 865 गावांवरचा दावा होता.

त्यानंतर 2023 च्या सुरुवातीला महाराष्ट्र सरकारने याच 865 गावांतल्या लोकांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ द्यायचं ठरवलं. म्हणजे कर्नाटकच्या हद्दीतल्या रुग्णाच्या उपचाराचे पैसे महाराष्ट्राच्या तिजोरीतून. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी याला कडाडून विरोध केला आणि ही योजना थांबवू असं सांगितलं.

पैसे उपचारांसाठीच होते. ज्याला मिळणार तो माणूस आजारीच होता. मग डब्लिनचा पैसा चालतो आणि मुंबईचा का चालत नाही? एक कारण असं की डब्लिनने आधी घटनेतला दावा सोडला आणि मग मोठी रक्कम पाठवली. महाराष्ट्राचा दावा न्यायालयात जिवंत आहे आणि योजनेची यादी दाव्याच्या यादीवरूनच बनली. कर्नाटकला त्यात औषध दिसलं नाही, दाव्याची पावती दिसली. दुसरं, आयर्लंडमध्ये लाभ मिळवायला तुम्ही अमुक समाजाचे असायची अट नाही, उलट दोन्ही समाजांना एकत्र आणणाऱ्या कामाला झुकतं माप मिळतं. सीमाभागात मराठी आणि कन्नड भाषकांनी मिळून चालवलेल्या एखाद्या उपक्रमाला दोन्ही राज्यांनी मिळून पैसे द्यावेत, अशी कोणतीही कायमची व्यवस्था नाही.

तुलना ताणायलाही नको. बेळगाव आणि कोल्हापूर एकाच देशात आहेत, तिथे जकात नाकी आणि लष्करी चौक्या नाहीत. आणि 1982 चा आयरिश सलोखा निधी सुरू झाला तेव्हा डब्लिनच्या घटनेत दावा होताच. फक्त तो निधी छोटा होता आणि रस्ते-पुलांपर्यंत पोहोचला नव्हता.

देशाच्या सीमांवर पाहिलं तर भारत आणि बांगलादेश यांचे 'सीमा हाट' आयर्लंडच्या कल्पनेच्या थोडे जवळ जातात. 2010 मध्ये दोन सरकारांत करार झाला आणि 2011 मध्ये मेघालयातल्या कालाईचर इथे पहिला बाजार भरला. ठराविक दिवशी दोन्हीकडच्या गावकऱ्यांनी येऊन भाजी, मसाले, कापड विकायचं.

पाकिस्तानबाबत सरकारी पैशाचा प्रश्नच येत नाही. दोन्हीकडच्या नागरिकांचे शांतता गट 1990 च्या दशकापासून आहेत, ते स्वतःच्या वर्गणीवर आणि व्हिसा मिळाला तर चालतात. याची झळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही बसते. पालघर जिल्ह्यातले खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून कराचीच्या तुरुंगात पोहोचतात. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. या कैद्यांसाठी 2007 मध्ये निवृत्त न्यायाधीशांची संयुक्त समिती नेमली होती, ती गेली कित्येक वर्षं थंडावली आहे.

परदेशी सरकारने इथल्या छोट्या गटाला थेट अनुदान देणं तर आपल्या कायद्यात फार कठीण आहे. परदेशी देणगी घ्यायची तर गृहखात्याकडे नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठराविक शाखेतच घ्यावे लागतात, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. परदेशी पैशाविषयीच्या सरकारच्या शंकांनाही कारणं असतात. पण डेरीतल्या महिला मंडळाला डब्लिनहून जसा धनादेश येतो, तसा इथे येऊ शकत नाही, एवढं खरं.

आता पुढे काय?

नॅरो वॉटरचा पूल 2027 च्या सुमारास पूर्ण होईल असा अंदाज आहे. तो सुरू झाल्यावर ओमीथहून वॉरनपॉइंटला सायकलवरही जाता येईल, चालतही. काठाजवळ, जिथे 1979 मध्ये ते 18 सैनिक मारले गेले, तिथे आजही पुष्पचक्रं ठेवली जातात आणि पुलावरून जाणाऱ्याला ती जागा जवळच असेल.

इकडे तवसाळ-जयगड खाडीवरही रेवस-रेड्डी सागरी महामार्गातून पूल बांधायची योजना आहे. तोवर हेदवीहून निघणाऱ्यांनी फेरीबोटीची वेळ आधी विचारून घ्यावी.